वेलांटी आणि रफार

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणायचे. ती दातांची डॉक्टर नव्हती. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे आणि ती त्यांवरून कवळ्या घडवायची. घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे तिचं वर्कशॉप. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा छोटा दिवा, कोरायच्या सुऱ्या आणि कोपऱ्यात पॉलिशचं मशीन. नवखा माणूस आत आला की दचकायचा, कारण तीस-चाळीस तोंडं एकदम त्याच्याकडे बघून हसायची. तिला मात्र या तोंडांची इतकी सवय झाली होती, की रस्त्यात कुणी भेटलं तर नाव आठवायचं नाही, दात आठवायचे.

बावीस वर्षं ती हे काम करत होती आणि तिच्या हाताला नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती. अडचण हातांची नव्हती, निरोपांची होती. दाढीवाले डॉक्टर ठशाचे फोटो एका ठिकाणी टाकायचे आणि सूचना दुसऱ्या ठिकाणी. शिस्तीच्या डॉक्टरीणबाई फक्त ईमेल करायच्या, तीही क्रमांक घालून. तिसरे एक तरुण डॉक्टर होते, त्यांना टाइप करायचा कंटाळा. ते चालता चालता बोलून पाठवायचे, आणि त्यांच्या बोलण्यापेक्षा रस्त्यावरचे हॉर्नच जास्त ऐकू यायचे. त्याशिवाय माहेरचा ग्रुप, शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप, त्यातल्या भांडून बाहेर पडलेल्या चौघींचा वेगळा ग्रुप, आणि होस्टेलवर राहणारी मुलगी, जी दर सहा महिन्यांनी म्हणायची, "आई, ते आता कुणी वापरत नाही, इकडे ये." आई बिचारी इकडे जायची, पण तिकडचं बंद करायची नाही. असं करता करता फोनवर आठ चौकोन झाले होते आणि प्रत्येकावर लाल टिकली.

व्हायचं ते एकदा झालंच. रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेल्या एक बाई दाढीवाल्या डॉक्टरांच्या पेशंट होत्या. त्यांच्या कवळीसाठी आधी एक नंबरचा पांढरा रंग ठरला होता. मग डॉक्टरांचा विचार बदलला आणि त्यांनी "तीन नंबर करा, जरा पिवळसर बरा दिसेल" असं लिहिलं. पण लिहिलं कुठं, तर तिनं आपल्या बागेतल्या फुलांचा फोटो टाकला होता त्याच्याखाली. तिथं ती चार दिवस फिरकलीच नाही. कवळी गेली एक नंबरची.

"अहो," डॉक्टरांचा फोन आला, "बाई आरशात बघून म्हणाल्या, हे दात माझ्या आधी खोलीत शिरतात!"

डॉक्टर हसत होते, पण तिला हसू येईना. तिनं दोन दिवसांत नवी कवळी करून दिली, स्वतः नेऊन दिली, बाईंची माफीही मागितली. बाईंनी मोठ्या मनानं आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात "होतं असं" म्हटलं. तरी बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचं काम परत आलं होतं, आणि ते तिच्या जिवाला लागलं.

"ताई, तुझं कसं झालंय सांगू?" धाकट्या बहिणीला फोनवर सगळं ऐकवल्यावर ती म्हणाली. बहीण प्रवासी कंपनीत होती, तिच्याकडे दिवसाला शंभर लोकांचे निरोप यायचे. "घराला आठ दारं आणि उघडायला तू एकटी. इथे बेल वाजली की तिथे धावतेस. सगळी दारं बंद कर आणि एकच ठेव."

"म्हणजे काय करू? डॉक्टरांना सांगू, एकाच ठिकाणी या? ते एकमेकांच्या लग्नाला येत नाहीत."

"त्यांना काही सांगायचं नाही. ते जिथे लिहितात तिथे लिहू देत. 'ओंजळ' म्हणून एक अ‍ॅप आहे, मी तेच वापरते. तुझी सगळी खाती त्याला जोडायची, मग सगळीकडचं येऊन त्या एकात पडतं. उत्तर तिथूनच द्यायचं, ते ज्याच्या त्याच्याकडे बरोबर जातं. शनिवारी सकाळी बस आणि करून टाक. आणि हो, पासवर्ड शोधून ठेव आधी."

पासवर्ड ही एक कथाच होती. ती सुचेल तेव्हा सुचेल तो पासवर्ड हाताशी असलेल्या जबड्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायची. त्यातला एक जबडा शिस्तीच्या डॉक्टरीणबाईंकडे परत गेला होता आणि बाईंनी ईमेलमध्ये विचारलं होतं, "मुद्दा चार : खालच्या जबड्यामागे 'मांजर१९' असं लिहिलं आहे. हा कोणता रंग?"

शनिवारी नवरा कामावर गेला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसांना वर नेणं आणि खाली आणणं हाच त्याचा धंदा. पण घरात जे वरचं आणि खालचं होतं, तिथं मात्र त्याची मात्रा चालली नव्हती. वर त्याची आई राहायची. सासरे गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, त्या इथे आल्या आणि लाकडी जिन्यावरच्या खोलीत त्यांनी आपला वेगळा संसार मांडला. भांडण म्हणावं तर कधी झालं नाही. पण सासूबाई बोलायच्या नाहीत. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली ही बाई, सुनेशी बोलताना ओठ मिटून, तोंडापुढे पदर धरावा तसा हात धरून, चार शब्दांत आटपायची. दूध आलं. मीटरवाला येऊन गेला. दार लावून घे. तेही हल्ली फोनवर लिहून यायचं. सुनेला वाटायचं, आपण त्यांना आवडत नाही. सुरुवातीला वाईट वाटलं, मग सवय झाली, मग तिनंही शब्द मोजायला सुरुवात केली.

तर शनिवारी सकाळी जबडे एका बाजूला सारून ती बसली आणि एकेक खातं जोडायला लागली. दाढीवाले झाले, ईमेल झाली, माहेर झालं, मैत्रिणी झाल्या, भांडलेल्या मैत्रिणी झाल्या. शेवटी राहिला कोडेकट्टा.

तिथं ती जरा थबकली. कोडेकट्टा हे तिचं एकटीचं होतं. शब्दांची कोडी घालायची आणि सोडवायची अशी ती जागा. तिथं कुणी खरं नाव लावत नसे. ती 'वेलांटी' होती. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या परीक्षेच्या वेळी जागरणात झोप टाळायला म्हणून ती तिथं गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिला 'रफार' भेटला. त्यानं कोडं घातलं होतं : सरळ वाचला तर डोकं तापतं, काना जागेवर ठेवून उलटा वाचला तर थंड होतं, दोन अक्षरं. तिनं मेण कोरता कोरता उत्तर दिलं, राग आणि गार. मग तिनं त्याला घातलं : पहिलं अक्षर काढा, फळात सापडतो, मधलं काढा, पुरुष होतो, शेवटचं काढा, दुकानात मोजतात, तिन्ही ठेवा, माणसं राहतात. पाच मिनिटांत उत्तर आलं, "नगर. सोपं होतं. उद्या याहून बरं आणा." तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता रफारचं कोडं यायचं. रविवार नाही, सणवार नाही, आजारपण नाही. तिच्या मनात त्याचं एक चित्र पक्कं झालं होतं : कुणी निवृत्त मुख्याध्यापक असणार, लठ्ठसे, टक्कल, चष्म्याला दोरी, वरच्या दोन दातांत फट. नवऱ्यालासुद्धा तिनं कधी हे सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण वाटून टाकावंसंही वाटलं नव्हतं.

"जाऊ दे, करायचं तर सगळंच," असं म्हणून तिनं कोडेकट्टाही जोडला. फोन नंबर टाकला, परवानगी दिली.

मग ओंजळ कामाला लागलं. तिच्या ओळखीची माणसं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या नावांनी पसरली होती, ती ते एकत्र करत सुटलं. 'दाढीवाले', 'डॉ. दाढी', 'दाढी नवीन नंबर' हे तिघे एकच असावेत, जोडायचे? हो. 'अहो', 'लिफ्ट', 'नवरा ऑफिस' हे तिघे एकच असावेत, जोडायचे? हो. तिला मजा वाटायला लागली. हो, हो, हो, असं ती दाबत गेली. मधेच दिव्यावरचं मेण बघून आली, परत हो, हो. आणि मग सहज तिची नजर वरच्या नावावर गेली.

तिनं 'हो' दाबलेलं होतं, 'आई वरच्या' आणि 'रफार' या दोघांना.

"काय हे यंत्र!" ती मोठ्यानं म्हणाली. तिनं ते जोडलेलं पान उघडलं, कुठं सोडवायचं बटण आहे का ते बघायला. तर तिथे दोन्हीकडचे निरोप तारीखवार एकाखाली एक लागले होते.

चार वाजता : "आजचं कोडं. चार अक्षरी, पहिली दोन घरावर, शेवटची दोन पायात."

चार वीस : "गच्चीचं दार उघडं राहिलंय."

पाच वाजता : "वेलांटी, आज उत्तराला उशीर का?"

तिला तो दिवस आठवला. उत्तराला उशीर झाला होता कारण ती गच्चीचं दार लावायला गेली होती.

तिनं दोन्ही नावांखालचे नंबर बघितले. तोच नंबर. शेवटी सत्तेचाळीस. मग चष्मा पुसून पुन्हा बघितले. तरी सत्तेचाळीसच.

कोडी ही गोष्ट वेगळी, पण सहा वर्षांत माणूस नुसती कोडीच घालतो का? इकडचं तिकडचं बोलणं झालं होतं. मुलगी होस्टेलला गेली त्या दिवशी तिनं रफारला लिहिलं होतं की घर एकदम मोठं झालंय. त्यानं सांत्वन वगैरे काही केलं नव्हतं. एकापाठोपाठ एक सात कोडी पाठवली होती आणि संध्याकाळ निघून गेली होती. ते ठीक. पण तीन वर्षांपूर्वी आपण काय लिहून बसलो? ती घाईघाईनं मागे मागे गेली आणि सापडलं. तिच्याच हातचं, जसंच्या तसं : "आमच्या घरात एक बाई आहेत. त्या शब्द इतके जपून वापरतात, जणू संपले तर दुकान बंद असेल."

"मेले मी," ती जबड्यांना म्हणाली. जबडे हसत राहिले.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी? रफारनं तक्रार केली होती : "खालून दुपारभर कसलं तरी यंत्र घुरघुरतं. डोकं उठतं." त्यावर तिनं, होय, तिनंच, मोठ्या तावातावानं सल्ला दिला होता : "गप्प बसू नका. एक काठी घ्या आणि जमिनीवर तीनदा आपटा. अशा लोकांना त्याशिवाय कळत नाही." त्याच आठवड्यात वरून ठकठक सुरू झाली होती! पॉलिशचं मशीन लावलं की ठक, ठक, ठक. ती इतकी वैतागली होती की तिनं रफारकडेच गाऱ्हाणं घातलं होतं : "आमच्याकडे वरून काठी आपटतात हो. काय करावं?" रफारचं उत्तर त्या दिवशी जरा उशिरा आलं होतं. "तुमच्याकडे यंत्रबिंत्र काही आहे का? असेल तर त्याच्याखाली लोकरी नमद्याची जाड घडी घाला." तिनं घातली. मशीन गुपचूप झालं, वरची काठीही थांबली. तिनं आनंदानं रफारचे आभार मानले होते.

दातवाली खुर्चीत मागे रेलली आणि आधी तिला घाम फुटला, मग हसू फुटलं. आपणच सासूच्या हातात काठी दिली, आणि सासूनंच ती परत घेतली! ती एकटीच इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

पण हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. त्यांना माहीत आहे का?

जेवण तिला गेलं नाही. दुपारभर ती एकच दाढ कोरत बसली. पावणेचारला तिनं फोन मुका केला, चपला काढल्या आणि जिना चढायला लागली. वरून चौथ्या पायरीवर थांबलं की खोलीचं दार अर्धं दिसायचं. दार उघडंच होतं. खिडकीपाशी सासूबाई बसल्या होत्या. कपाळावर एक चष्मा, डोळ्यांवर दुसरा. फोन हातभर लांब धरून एका बोटानं, टेलिफोनची डायल फिरवावी तशा तालात टाइप करत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, त्यांनी एक बोट खाली आणलं, आणि तिच्या हातातला फोन थरथरला.

"मधलं अक्षर काढलं की उमलते, तिन्ही ठेवली की पेल्यात झोपते."

कळी. कवळी.

म्हणजे माहीत आहे. त्याशिवाय हे कोडं कुणी कुणाला घालणार नाही. तिनं तिथंच पायरीवर बसून उत्तर लिहिलं : "कवळी. पण आमच्याकडच्या पेल्यात झोपत नाहीत, टेबलावर बसून हसतात." आणि पाठवलं.

खोलीत सासूबाईंनी ते वाचलं आणि त्या हसल्या. तोंड उघडून, मान मागे टाकून, खळखळून. हे हसू तिनं अकरा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. ती नकळत उठून उभी राहिली आणि पायरी करकरली.

"कोण आहे?" हसू गप्पकन मिटलं, हात तोंडापुढे गेला.

"मी आहे, आई."

"काही हवंय?"

ती आणखी एक पायरी चढली. मग ती म्हणाली, "रफार आहेत का घरात? वेलांटी आलीय म्हणून सांगा."

सासूबाईंनी एक चष्मा काढला. मग दुसरा काढला. मग त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"कळलं होय शेवटी!" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं वाट बघतेय मी. ये, आत ये. जिन्यात काय उभी राहतेस परक्यासारखी."

ती आत गेली आणि पलंगाच्या कडेला टेकली. "दोन वर्षं? तुम्हाला दोन वर्षं माहीत आहे?"

"नमद्याची घडी," सासूबाई बोटावर मोजल्यासारखं म्हणाल्या. "तू लिहिलंस, वरून काठी आपटतात. म्हटलं, अरेच्चा, मी खालच्यांवर आपटते आणि हिच्यावर वरचे आपटतात. म्हणून घडी सांगून बघितली. दुसऱ्या दिवशी आपलं मशीन बंद! अगं, चौतीस वर्षं बोर्डावर काढली मी. कुठली तार कुठं लागलीय ते मला नाही कळणार?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मला कोडी घातली असतीस? सासूला कुणी कोडं घालतं का? सासूला विचारतात, चहा ठेवू का. मला चहाचा नाही गं, कोड्याचा कंटाळा नव्हता." वाक्य चुकलं असं वाटून त्या थांबल्या, मग हात झटकला. "म्हणजे तुला समजलं मला काय म्हणायचंय ते."

"समजलं." तिनं खाली मान घातली. "आई, मी ते तुमच्याबद्दल लिहिलं होतं ना..."

"दुकान बंद असेल, ते? फार छान वाक्य होतं. मी वहीत उतरवून ठेवलंय. वाचलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ती बाई मी. मी म्हटलं, काय खडूस बाई असेल!" आणि त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी हात आधी तोंडावर आला.

"तुम्ही असं तोंड का झाकता?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी इथे आले तो पहिला आठवडा. मी माझं सामान लावत होते, तू मदतीला आलीस. मी तुला त्यांच्याबद्दल, तुझ्या सासऱ्यांबद्दल काहीतरी सांगत होते. मनातलं सांगत होते. आणि तू मधेच म्हणालीस, आई, तुमचा वरचा डावा सुळा फार झिजलाय."

तिला ते अजिबात आठवत नव्हतं, आणि तरीही आपण तसं म्हटलं असणार याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

"मला वाटलं, ही माझं ऐकतच नाही, नुसती दात मोजतेय. म्हटलं, मग कशाला उघडा तोंड."

"अकरा वर्षं?"

"हट्टी आहे मी. तुझ्या नवऱ्याला विचार."

"आई, अहो, माझी ती सवयच आहे. मला माणसाच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्याचं बोलणंच ऐकू येत नाही. लग्नाआधी तुमच्या मुलाला मी पहिलं वाक्य काय म्हटलं माहितेय? म्हटलं, तुमची अक्कलदाढ तिरकी येतेय."

"आणि त्यानं तुला होकार दिला?"

"तो म्हणाला, दुखत होती खरी, तुम्हाला कसं कळलं?"

आता मात्र दोघी एकदम हसत सुटल्या. थांबतात असं वाटे आणि एकीनं दुसरीकडे बघितलं की पुन्हा सुरू. सासूबाईंचा हात त्यांच्या मांडीवरच राहिला होता. सुनेनं खूप प्रयत्न करून त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"बघ, बघ," सासूबाई म्हणाल्या, "किती त्रास होतोय तुला. बघून घे एकदाचं."

तिनं बघितलं. "सुळा झिजलाय खरा. करून देऊ का काही?"

"नको. माझे आहेत ते पुरे आहेत. तुझ्या सासऱ्यांबद्दल सांगत होते ते ऐकणार असशील तर बोल."

तिनं ते ऐकलं. सासरे तारमास्तर होते आणि लग्नाआधी सहा महिने दोघं फक्त कोड्यांतून बोलत होती, कारण बोर्डावर इतर सगळे ऐकायचे. हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. ऐकता ऐकता खिडकीतलं ऊन पलंगावरून जमिनीवर उतरलं, नवरा घरी आला, त्यानं खालून दोनदा हाका मारल्या, आणि वरून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज ऐकून तो जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबला. त्याला वाटलं, कुणी पाहुणी आलीय.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःहून खाली आल्या. त्यांना ते ओंजळ बघायचं होतं, ज्यानं त्यांचं बिंग फोडलं. सुनेनं फोन समोर धरला. डावीकडे माणसांची रांग, उजवीकडे ज्याचा त्याचा निरोप, नवीन आला की नावापुढे हिरवा दिवा.

सासूबाईंचे डोळे चमकले. "अगं, हा तर आमचा बोर्ड आहे!"

"बोर्ड?"

"दिवा लागला की कुणाचा ते बघायचं, तार उचलायची, पलीकडे जोडून द्यायची. आम्ही सात जणी होतो आणि सगळं शहर आमच्या हातातून बोलायचं. सरक जरा." त्या खुर्चीत बसल्या, आणि तासाभरात त्यांना त्यातलं जितकं कळलं तितकं सुनेला आठवडाभर कळलं नसतं. भांडलेल्या मैत्रिणींचा ग्रुप त्यांनी एका बाजूला ठेवला ("हे करमणूक"), माहेर दुसऱ्या बाजूला ("हे जेवताना"), आणि डॉक्टर सगळ्यांत वर.

तेव्हापासून रोज सकाळी नऊ ते अकरा त्या खाली येऊन टेबलाच्या कोपऱ्यात बसायला लागल्या. सून साच्यात मेण ओतायची आणि सासूबाई स्वच्छ, ठणठणीत आवाजात वाचून दाखवायच्या. "दाढीवाले. खालची अर्धी, तीन नंबर, गुरुवारपर्यंत. त्यांनी ते तुझ्या मांजराच्या फोटोखाली लिहिलंय, त्या माणसाला वळण नाही. डॉक्टरीणबाई. मुद्दे सहा. पहिला सोडला तर बाकी पाचांत काही नाही." तरुण डॉक्टरांच्या हॉर्नमधून शब्द वेचण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं; चौतीस वर्षं खरखरत्या तारांवर कान तयार झालेला. एकदा त्यांनी त्या डॉक्टरांना परस्पर बोलून कळवलं, "आपण जे बोललात ते मी उतरवून घेतलं आहे. 'वरचा' म्हणालात की 'बारका'? कृपया थांबून बोलावं." दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर थांबून बोलायला लागले. कामात पुन्हा चूक म्हणून झाली नाही. दाढीवाल्यांनी विचारलं, "अहो, तुम्ही ऑफिसात कुणी ठेवलंय का? फार कडक बाई आहेत." सुनेनं सांगितलं, "वरच्या खात्यातून आल्या आहेत."

कोडं मात्र चार वाजताच यायचं, आणि फोनवरच. अकरानंतर सासूबाई वर जायच्या त्या त्यासाठीच. तोंडावर कोडं घालण्यात मजा नाही, उत्तर सुचत नसलं की चेहरा दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

महिन्याभरानं कोडेकट्ट्यावर जोडीची स्पर्धा जाहीर झाली. दोघांनी मिळून खेळायचं, एका कोड्याला एक मिनिट. सहा वर्षं एकमेकांविरुद्ध खेळलेल्या वेलांटी आणि रफार यांनी एकत्र नाव दिलं, तेव्हा कट्ट्यावर खळबळ उडाली. 'अनुस्वार' नावाच्या कुणीतरी लिहिलं, "हे दोघे एका खोलीत बसले तर छप्पर उडेल."

तो काही फार चुकीचा नव्हता. रविवारी सकाळी दोघी वर्कशॉपच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसल्या. पहिली नऊ कोडी झपाझप सुटली. दहावं आलं : सरळ वाचला तर दोघांत होतो, उलटी वाचली तर दुखण्यावर चालते. दोन अक्षरं.

"करार!" सून म्हणाली.

"दोन अक्षरं म्हटलंय, मोजता येतात का?"

"मग खेळ."

"खेळ उलटा वाच बरं. ळखे. हे काय औषध आहे?"

"तुम्ही सांगा मग! नुसत्या माझ्या चुका काय काढता?"

"मला विचार तरी करू देशील का? तू सारखी बोलतेस!"

"मी बोलते? घ्या! अकरा वर्षं गप्प होते तेव्हा..."

"गप्प मी होते! तू काय गप्प होतीस?"

सेकंद पळत होते. आरडाओरडा ऐकून नवरा ओट्यावरचं सोडून, हातात पळी तशीच घेऊन दारात आला. बायको लालबुंद, आई लालबुंद. त्याचा जीव धसकला. "अरे देवा," तो म्हणाला, "आता कसला वाद घालताय?"

दोघी एका झटक्यात त्याच्याकडे वळल्या.

"वाद!"

"दवा!"

सासूबाईंचं बोट पडद्यावर आदळलं तेव्हा दोन सेकंद उरले होते.

अकरावा नंबर आला. सासूबाईंना तो मुळीच मान्य नव्हता. बक्षीस पहिल्या दहा जोड्यांना होतं आणि सातव्या कोड्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आयोजकांची होती, यांची नव्हती. त्यांनी लगेच तक्रारअर्ज सांगायला घेतला. "लिही. आम्ही, खाली सही करणाऱ्या दोघी..." सून लिहू लागली, मधे मधे शब्द बदलू लागली, आणि त्यावरून दुसरी फेरी सुरू झाली. नवरा दारातच उभा होता. जेवणाचं काय, असं त्यानं भीत भीत विचारलं.

"तू बघ ना ते," आई म्हणाली, "पळी आहेच हातात." मग ती थांबली, मुलाकडे नवीनच काहीतरी दिसल्यासारखं बघत राहिली आणि सुनेला कोपरानं ढोसून म्हणाली, "काय गं, तिघांची स्पर्धा नसते का कधी?"